कीटकशास्त्राची पोरं बागेत बोलावताना

आधी एक गल्लत दूर करू. गावात मुक्कामाला येणारे कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणजे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं. हा अभिप्राय त्यांच्यावर नाही. कीटकशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी, एकाच किडीवर प्रबंध लिहिणारी जी पोरं असतात, त्यांच्याबद्दल हे आहे. कोकणात ती दुर्मीळ नाहीत. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, भाट्याला नारळाचं आहे. बोलावायचं तर थेट पोराला फोन न करता विभागप्रमुखांच्या नावानं साधा अर्ज द्यावा. मार्गदर्शकाची परवानगी असली की पोरगं मोकळ्या मनानं येतं.

त्यांची सगळ्यात मोठी किंमत आहे ती किडीची नेमकी ओळख पटवण्यात. आंब्याचा मोहोर करपला की दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो. ही पोरं आधी पांढरा कागद पुढे करतात. कोवळी पालवी कागदावर हलकेच झटकायची. पिवळसर, बारीक, लांबट जीव सरपटायला लागले तर फुलकिडे. पाचरीसारखे, तिरके पळणारे दिसले तर तुडतुडे. कागदावर काहीच नाही, पण मोहोराच्या दांड्यावर बारीक गाठी आहेत, तर मिजमाशी. तिन्हींचा इलाज एक नाही. मिजमाशीची अळी मोठी झाली की जमिनीत उतरून कोष करते, त्यामुळे नुसती वर फवारणी मारून काम अर्धंच होतं. तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. ती बुरशी पाहून बुरशीनाशक मारणारे बागायतदार आजही भेटतात. हा खर्च वाचला तरी पोरांच्या चहापाण्याचे पैसे वसूल.

नमुना मात्र नीट द्यावा, नाहीतर हुशार पोरगंही हात टेकतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळी बांधून गाडीच्या डिकीत टाकली की घाम धरून ती सडते. अळी आधी उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायची. थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते आणि ओळखीच्या खुणा जातात. फुलकिडे चिकटपट्टीवर डकवून नेऊ नयेत, प्रजाती ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी त्यांची काचपट्टी करावी लागते. भुंग्यासारखे कडक अंगाचे कीटक कागदाच्या पुडीत, काडेपेटीत कोरडे चालतात, पण पावसाळ्यात दोन दिवसांतच बुरशी धरते, तेव्हा फ्रीजरमध्ये ठेवावेत. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि कुठल्या झाडावर मिळाला ते लिहावं आणि ती बाटलीच्या आत टाकावी. पेन्सिलनंच लिहावं, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी नसलेला किडा ही पोरं बाजूला ठेवतात. त्यात उद्धटपणा नाही, ती शिस्त आहे.

फळमाशीच्या सापळ्याबद्दल त्यांना जरूर विचारावं. सापळा भरला म्हणजे माशी संपली असा समज सार्वत्रिक आहे. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉल या आमिषाला फक्त नर येतात. फळात अंडी घालणारी मादी बाहेरच असते. म्हणून सापळे हंगामाच्या आधीपासून आणि शेजाऱ्यांसकट लागले तरच फरक दिसतो, शिवाय गळलेली फळं उचलून नष्ट करावी लागतात. काकडी-दोडक्याच्या मांडवात तोच सापळा टांगणं फुकट, तिथल्या माशीला क्यूल्यूर हे वेगळं आमिष लागतं.

कमी पडतात ती दोन ठिकाणी. पहिलं, वेळ. मोहोराच्या दिवसांत त्यांची स्वतःची निरीक्षणं चालू असतात, तुमच्या बागेची घाई त्यांना सोयीची नसते. दुसरं, औषधाचं प्रमाण. तोंडी सांगितलेलं प्रमाण घेऊ नये, विद्यापीठाचं चालू वर्षाचं फवारणी वेळापत्रक मागावं. ओळखीसाठी पाचपैकी पाच, तातडीच्या उपायासाठी दोन. काजूच्या रोठ्यासारख्या किडीत तर पोरं येईपर्यंत थांबूच नये: बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला की त्याच दिवशी साल तासून अळी तारेनं काढायची.

प्रयोगासाठी बाग देणार असाल तर आधी नीट बोलून घ्या. समजा आठ प्रक्रिया (म्हणजे तपासायचे आठ पर्याय) आणि प्रत्येकीच्या तीन पुनरावृत्ती, म्हणजे २४ झाडं झाली. त्यातली तीन ‘कंट्रोल’ची, त्यांवर काहीच फवारायचं नसतं. त्या झाडांचं उत्पन्न जाऊ शकतं, हे आधीच मान्य असावं. फवारणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर साधारण तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी पोरं तुडतुडे मोजायला येतात, झाडाच्या चारही बाजूंचे मोहोर बघतात. मधेच गड्यानं एचटीपी (जोराच्या दाबाचा) पंप घेऊन सरसकट फवारणी केली, किंवा शेजारच्या ओळीतला फवारा वाऱ्यानं उडून आला, की मोजणी बाद. त्या झाडांना रंगीत फीत बांधून घ्यावी आणि गड्याला स्वतः दाखवावी.

पोरं ‘काका’ म्हणत येतात, भात-आमटी वाढली की संकोचतात. पण ‘बाळा, तुझा प्रबंध कशावर?’ एवढं विचारलं की अर्धा तास बोलायची थांबत नाहीत, आणि कामाच्या गोष्टी त्यातच निघतात. नारळावर गेंड्या भुंगा असेल तर अशा वेळी शेणखताचा खड्डा दाखवावा. अळ्या तिथंच वाढतात, आणि अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी खड्ड्यात कशी मिसळायची ते पोरं हातानं करून दाखवतात.

प्रबंध इंग्रजीत असतो, कपाटात जातो. तेव्हा काम संपताना मराठीत एक पान मागून घ्यावं: कुठली प्रक्रिया, मोहोरामागे किती तुडतुडे उरले, खर्च किती. मार्गदर्शकांपुढेच मागितलं तर मिळतं.