मोबाईल स्टार्टर: सोय मोठी, भिस्त टॉवरवर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात शेतीपंपांना तीन फेज वीज पाळीने मिळते, दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास. त्यामुळे रात्रपाळीत हरभरा ओलायचा म्हणजे रानडुकरे आणि सापांचे भय घेऊन अंधारात विहीर गाठणे आले. ते टाळण्यासाठी आम्ही स्टार्टरच्या पेटीत मोबाईल ऑटो, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारे यंत्र, बसवून घेतले.

यंत्रात सिमकार्ड असते. नोंदवलेल्या क्रमांकावरून फोन केला की मोटार सुरू होते. फेज गेला किंवा विहीर तळाला जाऊन मोटार कोरडी फिरू लागली, तर ती आपोआप बंद होऊन आपल्याला निरोप येतो. एवढ्या एका सोयीसाठीही हे यंत्र घेण्यासारखे आहे. लाईन येताच मोटार उठवणाऱ्या साध्या ऑटोस्विचपेक्षा तर ते निश्चितच उजवे, कारण डीपीवरच्या (गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकाच वेळी उठल्या की भार वाढून डीपी जळतो आणि ऐन ओलिताच्या दिवसांत सारी शिवारे कोरडी राहतात.

मात्र टॉवर बंद पडला की वावरात लाईन असूनही मोटार घरून सुरू करता येत नाही आणि, त्याहून वाईट म्हणजे, चालू असलेली बंदही करता येत नाही. शिवाय यंत्राला मोटार फिरते एवढेच कळते. एका रात्री स्प्रिंकलरचा पाइप निसटला. फोनवर मोटार व्यवस्थित सुरू असल्याचे कळत होते आणि पाणी धुरा (बांध) ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत चालले होते. पूर्वी ओलिताला माणूस उभा असे, म्हणून असे पाणी तासन्‌तास वाहत नसे. घरातील तरुण पोरांना तर आता फोन लागला नाही की पेटी उघडून फ्यूज पाहण्याचेही सुचत नाही.

जिओचे जाळे मुळातच 4जी असल्याने 2जीवर चालणाऱ्या मोबाईल ऑटोच्या संचात ते सिम चालत नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही. नुसत्या फोन कॉलवर चालणाऱ्या संचाला डेटा लागत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या डिसेंबर 2024 मधील नियमानंतर आलेला फक्त कॉल-एसएमएसचा पॅक त्याला पुरतो. बसवताना हाताने मोटार लावण्याची जोडणी कायम ठेवावी आणि अँटेना लोखंडी पेटीबाहेर काढून घ्यावी. आमच्या मिस्त्रीने ती आतच ठेवली होती, तोवर निम्मे फोन लागतच नव्हते.