बॅक गार्डनमध्ये मेडो करायचाय? मग हे सीड मिक्स बघा (पण यलो रॅटल वेगळं घ्या)

यूकेत राहणाऱ्या आणि दर आठवड्याला लॉन कापून वैतागलेल्या मंडळींसाठी लिहितेय. आम्ही रेडिंगला राहतो, मागच्या लॉनचा उन्हातला एक तुकडा वाइल्डफ्लॉवर मेडोसाठी काढला आणि एका छोट्या ब्रिटिश सीड कंपनीकडून ८०:२० मिक्स मागवलं, म्हणजे वजनात ८० टक्के गवताचं बी आणि २० टक्के फुलांचं. एवढं गवत कशाला असं वाटेल, पण मेडो म्हणजे मुळात गवताळ रानच की, फक्त गवत बारीक आणि सावकाश वाढणारं पाहिजे. यात क्रेस्टेड डॉग्जटेल, रेड फेस्क्यू, कॉमन बेंट आहे, जोमाने वाढून फुलांना दाबणारं रायग्रास अजिबात नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की प्रत्येक जात टक्क्यांसकट छापलीये आणि बी ब्रिटिश मूळचं आहे हेही स्पष्ट लिहिलंय. रंगीत डब्यातली स्वस्त मिक्सेस बहुतेक पॉपी, कॉर्नफ्लॉवरची असतात, दिसतात सुंदर, पण ती एकाच वर्षाची, पुढच्या वर्षी माती परत उकरली नाही तर गवत त्यांना गिळून टाकतं.

पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवूच नका. नुसती पानं येतात आणि तण वर आलं की सगळं कापत राहायचं, शेजारी विचारतात काय चाललंय म्हणून. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र ऑक्सआय डेझीने सगळं पांढरं झालं, मग नॅपवीड, लेडीज बेडस्ट्रॉ, आणि बर्ड्स-फूट ट्रेफॉइल, ज्याच्यावर कॉमन ब्लू फुलपाखराच्या अळ्या वाढतात. १९३० च्या दशकापासून इथले ९७ टक्के मेडो संपलेत, त्यामुळे घरामागे एवढंसं जरी असलं तरी त्याला किंमत आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रार. पाकिटावर स्प्रिंग किंवा ऑटम, कधीही पेरा असं लिहिलंय आणि आत यलो रॅटल (गवतावर जगणारं एक रानफूल) पण आहे, हे जमत नाही. रॅटलच्या बीला काही महिने थंडी लागते, मार्चमध्ये पेरलं तर त्या वर्षी उगवतच नाही, आणि बी जुनं झालं की मेलंच समजा. आणि रॅटलवरच तर सगळा खेळ आहे! आपल्याकडे ज्वारीत टारफुला येतो ना, त्याच कुळातलं हे, गवताच्या मुळांना चिकटून रस ओढतं, गवत दबतं आणि फुलांना जागा मिळते. गावाकडे शेतकरी ज्याला शिव्या घालतात त्याचा भाऊबंद इथे पैसे देऊन आणायचा. मिक्समध्ये ते अगदी थोडं आहे, म्हणून त्याच वर्षीचं ताजं बी वेगळं घ्या, चौरस मीटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतं. शेंगा वाळल्या की खुळखुळ वाजतात, मुलांना फार आवडतं.

किंमत ग्रॅमच्या हिशोबाने जास्त वाटते पण लागतं किती कमी ते बघा, चौरस मीटरला ४ ग्रॅम, म्हणजे २० चौरस मीटरला ८० ग्रॅम. बी इतकं बारीक आहे की कोरड्या वाळूत मिसळूनच फेका, वर माती ओढू नका, नुसतं पायाने दाबा. आणि शेणखत, कंपोस्ट काही म्हणजे काही घालायचं नाही, मला माहितीये आपला हात लगेच खताकडे जातो, पण जमीन जेवढी हलकी तेवढी फुलं जास्त. जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये कापायचं, बी झडायला दोन-चार दिवस तिथेच वाळू द्यायचं आणि मग सगळं गवत उचलून न्यायचं, कारण तिथे कुजलं तर त्याचंच खत होतं.

बियांना पाचपैकी पाच, पाकिटावरच्या सूचनांना दोन. ऑर्डर ऑगस्टमध्ये टाका, ताजं रॅटल तेव्हाच मिळतं आणि नंतर संपतं, आणि सप्टेंबरात लॉन अगदी बुडापासून कापून, दाताळ्याने निम्मी तरी माती उघडी दिसेपर्यंत खरवडून मगच पेरा.