काटोल रोडवरचा झाडपाल्याचा वर्ग, सहा रविवार: पोरांना घेऊन जायचं का?

ग्रुपवर चार जणींनी विचारलं म्हणून लिहून राहिले, नाहीतर रिव्ह्यू लिहायचा माझा स्वभाव नाही. फेटरीच्या पुढे एका शेतावर जुलै-ऑगस्टमध्ये पालक आणि मुलं मिळून करायचा वर्ग असतो, रानभाज्या, औषधी झाडं, थोडं मातीकाम, दर रविवारी सकाळी आठ ते अकरा, एका घराचे साडेचार हजार. नाव देत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत, ज्यांनी जाहिरात पाहिली असेल त्यांना कळेलच.

जाहिरातीत लिहिलं होतं "बहुसांस्कृतिक घरांसाठी मातीशी जोडलेलं पालकत्व", वाचून मी हसले खरं, पण आमचं घर नेमकं तेच आहे. मी नागपूरची, नवरा त्रिशूरचा, पोरगा आठ वर्षांचा. सांबार आण म्हटलं की आधी विचारावं लागतं, आपला हिरवा जुडीवाला, म्हणजे कोथिंबीर, की डब्यातला पातळ. आणि पोराला खोकला झाला की दोन्हीकडून फोन सुरू. माझी आई म्हणते अडुळसा दे, त्याची अच्छम्मा, म्हणजे माझी सासू, म्हणते पनिकूर्का दे, आणि मी मध्ये उभी राहून डॉक्टरकडे जाते. मला वाटलं हे सगळं एकदा नीट समजून तरी घेऊ.

पहिला रविवार वाया गेला. टिनाच्या शेडमध्ये आयोजक भाऊंनी पाऊण तास निसर्गाच्या ऊर्जेवर भाषण दिलं, वर पाऊस इतका की अर्धं ऐकूच आलं नाही, आणि जे ऐकू आलं त्यात "आपले पूर्वज" इतक्या वेळा होतं की नवरा हळूच म्हणाला, कोणाचे, तुझे की माझे?

दुसऱ्या रविवारी मावशी आल्या, आणि पैसे वसूल व्हायला तिथून सुरुवात झाली. देवलापारकडच्या गोंड घरातल्या, वय साठीच्या पुढे, प्लास्टिकच्या चपला घालून चिखलात आमच्यापेक्षा भरभर चालणार. भाषण वगैरे काही नाही. तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, रोपाजवळ बसल्या, पोरांना म्हणाल्या पानं मोजा. एका देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या, बहुतेक तीन. मग म्हणाल्या घरी एक फांदी नेऊन संध्याकाळी पहा. आम्ही नेली, आणि अंधार पडला तसं खरंच पानं मिटली, पोरगा खिडकीत बसून मोजत होता. भाजी करायची ती फुलं यायच्या आधीच, कोवळी, आणि रस्त्याच्या कडेची कधीच तोडायची नाही, गाड्यांचा धूर आणि फवारणीचं पाणी सगळं त्यावर असतं. हे शेवटचं मला माहीत असूनही गेल्या वर्षी मी रिंगरोडच्या कडेची तोडून आणली होती, कबूल करते.

मावशींची पद्धत अशी की आधी विषारी दाखवायचं. कळलावी याच दिवसांत फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी, पोरं धावलीच तिच्याकडे. खालचा कंद रताळ्यासारखा दिसतो, त्यात कोल्चिसिन असतं, म्हणजे गाऊटच्या गोळीत असतं तेच, पण कंद खाल्ला तर माणूस जातो. मावशी एवढंच म्हणाल्या, "हे खाल्लं तं दवाखान्यात नेईपर्यंत बी नाई पुरत." मग धोतरा, मग गुंजेच्या लाल बिया, ज्यांच्या माळा आपण लहानपणी ओवायचो. एका मुलीच्या आईने विचारलं इतकं भीती दाखवणारं काऊन शिकवता, तर मावशींनी उत्तरच दिलं नाही, पुढच्या झाडाकडे गेल्या. मला हे फार आवडलं. आपल्याकडे झाडपाला म्हटलं की "नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हेच आधी ऐकायला मिळतं.

त्याच शेताच्या बांधावर एक साजा आहे, म्हणजे आपला ऐन, साल सुसरीच्या पाठीसारखी. गोंडांचा बडादेव त्यात असतो म्हणून त्या झाडाला मावशी हात लावून पुढे गेल्या, आम्हाला काही समजावलं नाही. पोराने गाडीत विचारलं तेव्हा मी सांगितलं की तुझं नागपूर पण १७०२ च्या सुमारास एका गोंड राजानेच वसवलं, बख्त बुलंद नाव त्याचं. तो म्हणाला शाळेत तर भोसले शिकवले. आता काय बोलणार.

चौथ्या रविवारी मोठा घोळ झाला, आणि माझा एक स्टार तिथेच गेला. अडुळशाचा काढा करून भाऊंच्या मदतनीस मुलीने सगळ्यांना कप वाटले, कोणाला काही न विचारता. वर्गात एक पाच महिन्यांची पोटुशी बाई होती. ती कप तोंडाला लावणार तेवढ्यात मावशींनी हातातून काढून घेतला, "पोटुशीले नाई देत बाप्पा हे." अडुळशातल्या वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात तो टाळतात. पुढच्या आठवड्यात एक वैद्य बाई आल्या होत्या, त्यांनी हे नीट समजावलं, शिवाय खोकल्याच्या सिरपातलं ब्रोमहेक्झिन त्याच वासिसिनवरून बनवलं हे पण सांगितलं. म्हणजे आमची आई बरोबर होती, पण अर्धीच बरोबर. भाऊंनी सॉरी म्हटलं, पण पुढच्या रविवारी फॉर्म भरून घेतील, औषधं, ॲलर्जी, गरोदरपण, असं मला वाटलं होतं. शेवटपर्यंत फॉर्म आला नाही.

वैद्य बाईंचा तो एक तास मात्र फार कामाचा. बाळगुटीचा विषय निघाला आणि त्यात वेखंड आलं. त्रिशूरला पण वेखंडच, त्याला वयम्बु म्हणतात, मधात उगाळून बाळाला चाटवतात, आमच्याकडे पण तेच. दोन्ही आज्यांचं एकमत झालेली ही एकुलती एक वस्तू, आणि वैद्य बाई नेमकं तिथेच म्हणाल्या, थांबा. मध एक वर्षाच्या आत बिलकुल नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. आणि वेखंडातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली तुला दिलं होतं तर काय झालं, अच्छम्मा फोनवर अगदी तेच म्हणाली, फक्त मल्याळममध्ये.

गुळवेलीवर पण बोलणं झालं, माझ्या बाबांनी कोविडात रोज काढा घेतला होता म्हणून मीच विचारलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते म्हणाले. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर गाठी-गाठी असतात, आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी निघते. दोन्हीचे तुकडे हातात देऊन दाखवले असते तर बरं झालं असतं, पण फक्त फोटो दाखवले. इतवारीच्या किराणा ओळीत वाळलेले तुकडे घेताना फोटो काय कामाचा.

पाचव्या रविवारी सगळ्यांनी घरचं एक झाड आणायचं होतं, आणि हा दिवस मी विसरणार नाही. अच्छम्माने पार्सलमध्ये पनिकूर्काची फांदी पाठवली होती, उघडली तर वासावरून तिथल्या तिथे कळलं की हा तर पानओवा, माझ्या आईच्या बाल्कनीत गेली दहा वर्षं आहे. खोकल्याच्या फोनवरून इतकी वर्षं भांडण चाललं आणि आईच्याच कुंडीत अच्छम्माचं औषध. मुंगना, म्हणजे शेवगा, आला तर नवरा म्हणाला मुरिंगा, पोरं हसत सुटली. मग मल्याळी कर्किडकम महिन्याचा विषय निघाला, तो साधारण आपल्या आषाढ-श्रावणातच येतो, त्यात त्यांची औषधी कांजी करतात आणि दहा वनस्पतींचा मान असतो, त्यातली दूर्वा आणि माका मावशींनी लगेच बांधावरून तोडून दाखवला. एका बंगाली बाबांनी नीमपात्याची गोष्ट सांगितली, एका सिंधी आजीने काय आणलं ते कोणालाच ओळखता आलं नाही. त्या दिवशी भाऊ बोलले नाहीत, म्हणून छान झालं.

फक्त जेवणात मुंगन्याच्या पानांची भाजी होती आणि नवऱ्याने हात लावला नाही, कर्किडकममध्ये मुरिंगाची पानं खात नाहीत म्हणे. मावशींनी कारण विचारलं नाही, ताट सरकवून दुसरी भाजी वाढली.

आणि मग सहावा रविवार. समारोप. मुलांना कागदी पिसांचे मुकुट घालून "आदिवासी नृत्य" बसवलं होतं. मावशी कडेला बसून पाहत होत्या. माझ्या पोराने त्यांना विचारलं तुमच्याकडे असंच असतं का, त्या म्हणाल्या, "नाई रे, हे टीव्हीतलं हाय." भाऊ फोटो काढण्यात गुंग. सहा आठवडे त्यांच्याच ज्ञानावर वर्ग चालला, आणि शेवटच्या पॅम्फ्लेटमध्ये मावशींचा फोटो आहे, नाव नाही. भाऊंचं नाव तीनदा आहे. मी मावशींना किती देतात हे विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं.

बाकी सोयीचं. मनीष नगरहून तासभर लागतो, शेवटचा रस्ता कच्चा, छोटी गाडी चिखलात फसते. बाथरूम एकच, आणि ते पण पाण्याची बादली नेऊन. मच्छर भयंकर, फुल बाह्यांचे कपडे घाला, मच्छरासाठी नाही तर गाजरगवतासाठी, माझ्या पोराच्या हाताला त्याने असं खाजलं की रात्रभर झोप नाही. चहा चांगला. पोह्यात तर्री नाही, हे नागपुरात कसं चालतं कळत नाही.

पाचपैकी साडेतीन, आणि ते साडेतीन पूर्ण मावशी आणि वैद्य बाईंचे. थंडीत आवळा-बेहडा-हिरड्याची बॅच आहे म्हणतात, फोन कराल तेव्हा फी नंतर विचारा, आधी विचारा मावशी येणार आहेत का. नाही म्हणाले तर पावसाळ्यात सकाळी लवकर गोकुळपेठ बाजारात जा, तिथे बसणाऱ्या बायांना एक-एक जुडी उचलून विचारत बसा, फक्त त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या.