लुसर्न सरोवर : वाफेची आगबोट आणि रिगीची दातेरी गाडी

स्वित्झर्लंडमधील लुसर्नला एकच मोकळा दिवस हाती असेल, तर तो बर्फाच्या शिखरासाठी न खर्चता वाफेच्या आगबोटीने सरोवराकाठचे विट्झनाऊ गाव गाठावे आणि तेथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगी डोंगरावर जावे, असे माझे गेल्या जूनमधील अनुभवानंतरचे स्पष्ट मत आहे. सोबत बाहत्तर वर्षांची आई होती, त्यामुळे ही सफर किती सुखाची आहे, हे मी तिच्या गुडघ्यांच्या हिशेबानेही पारखून पाहिले.

बोटींचा धक्का लुसर्न रेल्वे स्थानकाच्या समोरच आहे. या सरोवरात आजही दोन्ही अंगांना मोठी चाके असलेल्या पाच जुन्या आगबोटी चालतात, आणि आम्हाला मिळालेली ‘उरी’ त्यांतली सर्वांत जुनी, १९०१ सालची. उरी हे सरोवराकाठच्या एका प्रांताचे नाव. सरोवराच्या जर्मन नावाचा अर्थही ‘चार वनप्रांतांचे सरोवर’ असा आहे. या आगबोटी मुख्यतः उन्हाळी वेळापत्रकात धावतात आणि प्रत्येक फेरीला आगबोटच असते असे नाही, म्हणून वेळापत्रकात वाफेच्या बोटीची फेरी कोणती हे आधी पाहून ठेवावे.

दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना खालच्या मजल्यावर बसावे लागते. वरचा मजला पहिल्या वर्गासाठी आहे, पण त्याचे आम्हाला जराही वाईट वाटले नाही, कारण या बोटीचे खरे वैभव खालीच आहे. मजल्याच्या मध्यभागी मोठी चौकोनी मोकळी जागा आहे आणि तिच्या कठड्यावरून वाकून पाहिले की संपूर्ण इंजिन डोळ्यांसमोर चालताना दिसते. माणसाच्या मांडीएवढे जाड, आरशासारखे घासलेले पोलादी दांडे संथपणे खालीवर होतात, त्यांच्या जोरावर आडवा आस फिरतो आणि त्या आसाच्या दोन टोकांना बसवलेली चाके पाणी कापत जातात. गरम तेलाचा वास आणि उबदार हवा थेट चेहऱ्यावर येते. बॉयलर आता कोळशावर नव्हे, तेलावर तापतो, म्हणून कपड्यांवर काजळी बसत नाही. खाली एक यंत्रचालक हातात तेलाची झारी घेऊन उभा होता. दांडा वर आला की तो नेमक्या क्षणी सांध्यावर तेल सोडी आणि फिरत्या भागाला तळहात हलकेच लावून तो तापला आहे का हे पाही. आई तिथे अर्धा तास उभी होती. बाहेर पिलाटस डोंगर मागे सरत होता, तो मी एकट्यानेच पाहिला.

साधारण तासाभरात विट्झनाऊ येते. धक्क्यावरून उतरताच लाल गाडी समोर उभी असते, सामान ओढत चालण्याचा प्रश्नच नाही. चढताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, सरोवर त्या बाजूला दिसते. ही युरोपातील पहिली दातेरी डोंगरी रेल्वे, निक्लाऊस रिगेनबाख या अभियंत्याने उभी केलेली आणि २१ मे १८७१ रोजी सुरू झालेली. दोन रुळांच्या मधोमध शिडीसारखी लोखंडी पट्टी आहे आणि गाडीखालचे दातेरी चाक तिच्या पायऱ्यांत अडकत वर चढते. आपली नेरळ-माथेरानची गाडी वळणे घेत घेत सुमारे २१ किलोमीटरांत डोंगर चढते. ही गाडी जेमतेम सात किलोमीटरांत वर जाते, आणि सर्वांत उभ्या ठिकाणी चढ चार मीटरांना एक मीटर असा आहे. सुरुवातीला ती शिखरापर्यंत जात नसे, कारण पुढची जमीन दुसऱ्या प्रांताच्या हद्दीत होती. कुल्म या माथ्यावर रूळ १८७३ मध्ये पोहोचले.

माथा १७९८ मीटर उंचीवर आहे आणि सरोवर ४३४ मीटरवर. वरच्या स्थानकापासून माथ्यापर्यंत शेवटचा थोडा चढ पायी चढावा लागतो. आईने दोनदा थांबत तो चढला. आम्ही पोहोचलो तेव्हा ढग होते, ते निवळले आणि एका बाजूला लुसर्न, दुसऱ्या बाजूला झुग अशी दोन सरोवरे पाठोपाठ उघडली. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथल्या बाकावरच खाल्ली.

उतरताना काल्टबाड या वाटेतल्या स्थानकापर्यंत गाडी आणि तेथून केबल गाडीने सरोवराकाठचे वेगिस गाव असा मार्ग घेतला. वेगिसला केबल गाडीचे स्थानक बोटीच्या धक्क्यापासून बरेच लांब आहे, हे वयस्कर मंडळींनी ध्यानात ठेवावे. आल्या वाटेने विट्झनाऊला परतणे त्यांना अधिक सोयीचे.

तिकिटाबाबत मात्र सावध राहावे. आमच्या प्रवास एजंटाने रिगीसाठी वेगळे पैसे आगाऊ घेतले होते. प्रत्यक्षात स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट, दातेरी गाडी आणि केबल गाडी हे सारे धरलेले असते आणि आमच्याकडे तो पास होताच. परत आल्यावर पाठपुरावा करून ते पैसे मिळवले, पण आधीच विचारले असते तर तो मनस्ताप टळला असता.

वेगिसहून परतीची बोट साधी, डिझेलवर चालणारी निघाली. आईने चढताच इंजिन कुठे दिसते ते विचारले, आणि दिसत नाही असे कळल्यावर ती लुसर्न येईपर्यंत खिडकीशी बसून राहिली.