गणपतीपुळ्यातलं खड्यांचं दुकान, दगड आवडणाऱ्यांनी चुकवू नका

गणपतीपुळ्याला देवळाकडे जाताना शंख-शिंपल्यांची, कोकम सरबताची, आंबापोळीची दुकानं लागतात ना, त्याच रांगेत एक छोटंसं नैसर्गिक खड्यांचं दुकान आहे. बाहेरून बाकीच्यांसारखंच दिसतं, पण दर्शन आणि टेकडीची प्रदक्षिणा झाली की निवांत वेळ काढून आत जा, घाईत जाऊ नका. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते शेवटी लिहिते.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुकानवाले काका खरं सांगतात, या धंद्यात हे फार कमी बघायला मिळतं. मी पिवळाधमक सिट्रीन, म्हणजे पिवळा स्फटिक, उचलला तर स्वतःहून म्हणाले, "ताई, हा मूळचा जांभळा, तापवून पिवळा केलाय, बाजारात बहुतेक असाच येतो. निसर्गातला पिवळा फिकट असतो नि महाग पडतो." फिरोजा म्हणून जे निळं निळं स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा रंगवलेलं हाउलाइट (मुळात पांढरा दगड) असतं, ते त्यांनी वेगळ्या ट्रेमध्ये 'रंग दिलेले' अशी चिठ्ठी लावून ठेवलंय. स्फटिक आणि काच कशी ओळखायची तेही हातात देऊन दाखवलं, स्फटिक गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो, काच लगेच कोमट होते, आत गोल बुडबुडे दिसले तर काचच समजा, आणि खरा स्फटिक काचेवर ओरखडा काढतो.

आता माझे आवडते. पहिला अ‍ॅमेथिस्ट, म्हणजे जांभळा स्फटिक. मन शांत करतो, झोप चांगली लागते असं म्हणतात आणि मला स्वतःला त्याचा उपयोग होतो, रात्री हातात घेऊन बसलं की मोबाइल आपोआप बाजूला राहतो, त्या गारव्याकडे आणि आतल्या रंगाच्या पट्ट्यांकडे लक्ष जातं आणि दिवसभराची डोक्यातली गडबड हळूहळू खाली बसते. फक्त उन्हात ठेवू नका, हा रंग लोहाच्या अंशामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे आलेला असतो, सतत ऊन लागलं तर तो फिका पडतो. खिडकीत शोभेला ठेवणारे खूप जण आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

दुसरा तांबडा अकीक, उत्साह देणारा मानतात. कंटाळवाण्या पावसाळी दिवसात तो रंग बघूनच तरतरी येते. हा माल गुजरातेतल्या खंभातकडचा, तिथे अकीकाचे मणी करायची परंपरा फार जुनी, लोथलला हडप्पा काळातलं मण्यांचं काम सापडलंय. अकीक तापवून जास्त लाल करायची रीतही तेवढीच जुनी, त्यामुळे यात तापवणं म्हणजे फसवणूक नाही, ती कारागिरी आहे. चंद्रकांत म्हणजे मूनस्टोनही सुंदर आहे, हलवला की आतून निळसर उजेड सरकतो, फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या दोन प्रकारांचे अगदी पातळ थर एकावर एक असतात त्यातून प्रकाश विखुरतो म्हणून. रोज क्वार्ट्झ आणि टायगर आय नेहमीचेच, ठीक.

पण माझा खरा जीव कोपऱ्यातल्या कपाटात अडकला. तिथे आपल्या महाराष्ट्रातली झिओलाइट नावाची खनिजं आणि त्यांच्या सोबतीने सापडणारे दगड ठेवलेत, पीचच्या रंगाचा स्टिलबाइट, पाण्यासारखा स्वच्छ आणि हिरवट असे दोन्ही अ‍ॅपोफिलाइट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि मग पाणी झिरपत झिरपत त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे इकडून येतात आणि जगभरातले संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. आणि आपण कोकणात ज्या जांभ्याच्या चिऱ्यांची घरं बांधतो तो जांभाही बहुतेक ठिकाणी त्याच लाव्हाच्या खडकाचा, पावसाने झिजून झिजून झालेला. हे कळल्यापासून मला अ‍ॅपोफिलाइट हातात घेतला की फार आनंद होतो, त्याला पॉझिटिव्ह एनर्जी म्हणा किंवा काहीही म्हणा. आपल्याकडे पंचायतनात गणपतीचा तांबडा शोणभद्र, विष्णूचा शाळिग्राम, शंकराचा बाण, हे सगळे दगडच ना, पिढ्यान् पिढ्या रोज त्यांना अंघोळ घालतोय, गंध लावतोय. दगडाजवळ मन स्थिर होतं हे आपल्या माणसांना कुणी नव्याने शिकवायला नको.

छोटे गुळगुळीत खडे साधारण पन्नास-शंभरपासून, ब्रेसलेट तीन-चारशेच्या पुढे, झिओलाइटचे तुकडे आकाराप्रमाणे. किमतीत फारसं कमी करत नाहीत पण वाजवी आहेत. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी पायराइट (सोनेरी चमकणारा दगड) घेताना मात्र विचार करा, पैसा खेचतो म्हणून लोक हौसेने घेतात पण दमट हवेत तो खराब होतो, डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवलात तरच टिकेल. सेलेनाइट, म्हणजे जिप्समचा मऊ स्फटिक, तर नखानेही ओरखडतो, त्याला पाणी लावूच नका, मिठाच्या पाण्यात ठेवून शुद्ध करा वगैरे सांगतात ते त्याच्यासाठी अजिबात नाही.

अर्धा स्टार कापला तो खड्यांसोबत देतात त्या छापील कार्डांसाठी. एकावर शुगर कमी होते, दुसऱ्यावर थायरॉइड बरा होतो असं सरळ लिहिलंय. मनाला उभारी देतो इथपर्यंत मी शंभर टक्के सोबत आहे, पण एखाद्या आजीने ते वाचून गोळ्या बंद केल्या तर? काकांना तिथेच बोलले, म्हणाले कार्डं घाऊक मालासोबत तयारच येतात. मग काका, ती कार्डं काढून टाका आणि मला तोंडी जे सांगितलंत, कुठून आला, तापवलाय का, रंगवलाय का, उन्हापाण्यात चालतो का, तेवढंच मराठीत छापून द्या.