क्रेडिट फ्रीझचं ‘नूतनीकरण’ नसतं हो!

39 डॉलर 95 सेंट. एवढे भरून मी चोराला घराची किल्ली दिली, तीही स्वतःच्या हाताने.

2017 साली इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या क्रेडिट ब्युरोमधून (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी) कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली, तेव्हाच मी अशा तिन्ही मोठ्या ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ टाकला होता: माझ्या नोंदीला कुलूप, माझ्या नावावर कोणी नवं कर्ज किंवा कार्ड काढू नये म्हणून. म्हणजे मी बेफिकीर नाही, हे आधीच सांगते. मार्चमधली संध्याकाळ, न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर, मी फोडणी करत होते आणि एका माणसाचा फोन आला. माझा पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबरचे (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे चार आकडे, सगळं त्याच्याकडे. “मॅम, तुमच्या फ्रीझची मुदत संपतेय, नूतनीकरण करावं लागेल.” कसली मुदत? आपण उठवेपर्यंत फ्रीझ राहतो. पैसे मागितले तिथेच खटकायला हवं होतं, कारण 21 सप्टेंबर 2018पासून फ्रीझ टाकणं-उठवणं कायद्यानेच फुकट आहे. पण त्याआधी गाडीच्या कर्जासाठी तो उठवायला मी पाच डॉलर भरले होते, तेच डोक्यात बसलेलं.

मग मेसेज आला. सहा आकडे आणि खाली, ‘हा कोड कोणालाही सांगू नका’. वाचलं मी ते! एका हातात कढलं, मोहरी तडतडतेय, आणि मी एकेक आकडा स्पष्ट उच्चारून सांगितला. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितला.

ऑनलाइन विनंती केली की ब्युरोला तासाभरात फ्रीझ उठवावाच लागतो. सोय माझ्यासाठी, पण त्या कोडने माझ्या ब्युरोच्या खात्यात शिरून वापरली त्याने. पुढच्या महिन्यात एका दुकानाच्या कार्डाची थकबाकी माझ्या नावावर: 6,480 डॉलर.

पोलिस म्हणाले, बँकेकडे जा. बँक म्हणाली, ब्युरोला विचारा. ब्युरोने 47 मिनिटं संगीत ऐकवलं आणि सांगितलं, “फ्रीझ तुमच्याच खात्यातून उठवलाय.” अहो, तेच तर सांगतेय! एफटीसीच्या (ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणारी अमेरिकी सरकारी संस्था) साइटवर ओळखचोरीचा अहवाल भरा, ओळखपत्र जोडून ब्युरोला पाठवा, मग चार कामकाजाच्या दिवसांत त्यांना ती खोटी थकबाकी तुमच्या नोंदीत दाखवणं थांबवावं लागतं, हे एकानेही सांगितलं नाही. सांगितलं शेजारच्या काकूंच्या लेकीने. दुकानाकडून त्या कार्डाच्या अर्जाची प्रतही मागा, फुकट मिळते. माझ्या प्रतीवर नाव माझं, पत्ता भलत्याच गावचा.

आणि हो, जुन्या कार्डांवर कोणी खरेदी केली तर फ्रीझ ती थांबवत नाही. स्टेटमेंट बघत जा.

6,480 अखेर कार्डवाल्यांनी काढून टाकले. 39.95 मात्र गेले. ते म्हणे मी स्वतः मंजूर केले होते.