पुण्यात घर घेताना: चालू बांधकामातलं की रीसेलचं?

ऐंशी लाखांच्या आसपास बजेट असलेल्या माणसाला पुण्यात साधारण दोन वाटा दिसतात. पुनावळे, वाघोली, मांजरी, उंड्री अशा कडेच्या पट्ट्यात बांधकाम चालू असलेला टू बीएचके, नाहीतर शहराच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीत रीसेलचा, थोडा लहान फ्लॅट. आम्ही दोन्ही मनापासून पाहिले आणि कर्वेनगरमध्ये रीसेलचं घर घेतलं. माझा कल कुठे आहे हे त्यावरून कळेलच. पण नव्याच्या बाजूनं बोलण्यासारखंही बरंच आहे, आणि तेच आधी सांगतो.

चालू बांधकामातलं घर घेणं आता पूर्वीसारखं अंधारात उडी मारणं राहिलेलं नाही. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला आणि त्यानं घर घेणाऱ्याच्या हातात बरंच काही दिलं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के बिल्डरला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. ताबा लांबला तर व्याज मागता येतं, प्रकल्पातून बाहेर पडून पैसेही परत मागता येतात. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. भाव कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच ठरतो. सेल्सवाला तोंडी 'डिसेंबर' म्हणत असेल, तर महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदवलेली तारीख बघावी. ती बऱ्याचदा दीड-दोन वर्षं पुढची असते. करारात जी तारीख लिहिली जाते, तीच पुढे कामाला येते.

नव्या घराचे रोजचे फायदेही खरेच आहेत. पार्किंगची मारामारी कमी, लिफ्ट नवी, भिंतीत ओल नाही, मुलांना बरोबरीची मुलं. कर्जाचं कामही सोपं जातं, कारण प्रकल्प बँकेनं आधीच तपासून मंजूर केलेला असतो. विकणारा एकच, कागदांचा साचा ठरलेला. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरण्याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

पैशांचा फरक मात्र एकदा मांडून पाहावा. ८० लाखांच्या चालू बांधकामातल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. (४५ लाखांपर्यंतचं परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणारं घर असेल तर १ टक्का.) रीसेलवर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे सारखंच: पुणे शहरात मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि वर नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती जाते. रीसेलमध्ये ब्रोकरची दलाली येते आणि सोसायटीचं हस्तांतरण शुल्क येतं. या शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार आहे. काही सोसायट्या 'डोनेशन' म्हणून त्याहून जास्त मागतात. ते देण्याचं बंधन नाही. दलाली धरूनही गणित बहुतेक वेळा रीसेलच्या बाजूनं झुकतं, पण त्यातले बरेच पैसे पुढे बाथरूमच्या दुरुस्तीत आणि वायरिंगमध्ये जातात. म्हणून केवळ पैशांवर निर्णय घ्यावा असं मला वाटत नाही.

आमचा निर्णय झाला तो पाण्यावर.

साइट ऑफिसात क्लब हाउस, पोडियम गार्डन, मेट्रोचं अंतर सगळं सेल्सवाल्यांच्या तोंडावर असतं. पाणी कुठून येणार असं विचारलं की मात्र सगळीकडे एकच उत्तर: 'कॉर्पोरेशनची लाइन मंजूर आहे, पझेशनपर्यंत येईल.' आणि नाही आली तर? 'तोपर्यंत आम्ही देऊच की.' हे 'आम्ही देऊ' मी एका प्रकल्पाच्या कराराच्या मसुद्यात शोधलं. पाण्याचं कलम होतं, पण त्यात लिहिलं होतं की पालिकेचं पाणी अपुरं पडलं तर बोअरचा आणि टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी वाटून घ्यायचा. तोंडी दिलेला शब्द एक आणि सही करायच्या कागदावर त्याच्या बरोबर उलट. कलम बदलून मागितलं तर मसुदा सगळ्यांसाठी एकच असतो, बदलता येत नाही असं सांगितलं. याची मला फार चीड आली. माणूस आयुष्यभराची कमाई देतोय, आणि घरात पाणी येईल का या सर्वांत साध्या प्रश्नाचं लेखी उत्तर त्याला कुणी देत नाही.

यामागे काय घडतं ते समजून घेतलं तर प्रश्न नेमके विचारता येतात. शहराच्या कडेला बांधकामाची परवानगी देताना, सार्वजनिक पाणी पोहोचेपर्यंत पुरवठा मी करीन असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. ते फायलीत राहतं. ताब्याच्या वेळी बिल्डर बहुधा दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो, आणि त्या काळातले टँकर त्याच रकमेतून भागवले जातात. त्यामुळे सुरुवातीला टँकरचं बिल वेगळं डोळ्यांसमोर येत नाही. सोसायटी स्थापन होऊन कारभार सभासदांकडे आला की पहिल्याच उन्हाळ्यात खरा आकडा कळतो आणि मेंटेनन्स वाढवायचा ठराव येतो. तेव्हा हमीपत्राची आठवण करून द्यायला महापालिकेत खेटे घालायचे असतात ते सभासदांनीच.

महारेराच्या पानावरही हे कळत नाही. तिथे काम किती टक्के झालं ते दिसतं. मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी असेल, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हा दोष कुणा एका बिल्डरचा नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. इमारती भराभर उभ्या राहिल्या, जलवाहिन्या आणि टाक्या मागून चालल्या आहेत. शहराचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांचं आणि त्याच पाण्यावर दौंड, इंदापूरची शेतीही अवलंबून, त्यामुळे दर उन्हाळ्यात वाटपावरून ओढाताण ठरलेली. पिंपरी-चिंचवडमध्ये तर २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झालं. आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा पाणी किती येतं याइतकंच ते कसं येतं हेही विचारायला हवं, हे सगळ्या पुण्याला कळलं.

रीसेलमध्ये हा प्रश्न अंदाजावर सोडावा लागत नाही, आणि माझ्या लेखी त्याचं मोल सर्वांत मोठं आहे. सोसायटी दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घेते आणि त्यासोबत जमाखर्च छापते. विकणारा सभासद असतो, त्याला हिशेब पाहण्याचा हक्क आहे. त्याच्याकडून गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागून घ्या आणि 'पाणी' व 'टँकर' या दोन नोंदी शोधा. वर्षाच्या बेरजेवर थांबू नका. एप्रिल ते जूनचा खर्च वेगळा विचारा. मग सकाळी पाण्याच्या वेळी जाऊन वॉचमनशी बोला. टँकर कधी येतात, शेवटचा कधी आला, बोअरचं पाणी प्यायच्या टाकीत मिसळतात का, वरच्या मजल्यावर दाब असतो का, हे त्याला चेअरमनपेक्षा जास्त ठाऊक असतं. आम्ही घेतलेल्या घराच्या सोसायटीत टँकरची नोंद होती, पण फक्त मे महिन्यात आणि थोडकी. माझं समाधान तिथेच झालं.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट वाचता येते: सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी. आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडात आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवी. पंधरा वर्षं जुन्या इमारतीत हा फंड रिकामा असेल, तर लिफ्ट बदलण्याचे आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे नव्या सभासदाच्याही खिशातून जाणार.

आता रीसेलचा त्रास, कारण तो आहे आणि चांगलाच आहे. बहुतेक विकणाऱ्यांचं कर्ज चालू असतं आणि मूळ कागद त्यांच्या बँकेत. आपल्या बँकेनं त्यांचं कर्ज फेडायचं, मग कागद सुटायचे, तोपर्यंत दोन बँकांच्या मध्ये आपण लटकायचं. घर आधी दोनदा विकलं गेलं असेल तर पहिल्या अ‍ॅग्रीमेंटपासून साखळी पूर्ण हवी, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा) हवा. मालक वारले असतील आणि नॉमिनी विकत असेल, तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं होत नाही. भोगवटापत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, बघा. जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतर, सोसायटीच्या नावावर झालंय का विचारा. पुष्कळ जुन्या सोसायट्यांत ते राहिलेलं असतं आणि पुनर्विकासाच्या वेळी अडतं. पार्किंग करारात लिहिलंय की सोसायटीनं नुसतं वापरायला दिलंय, हेही. काही जण किमतीचा भाग रोखीत मागतात. तिथे मी सरळ उठायचो, तुम्हीही उठा. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं कायद्यानं चालत नाही, आणि त्या पैशांवर ना कर्ज मिळतं ना कराराचं संरक्षण.

कर्जातही एक अडचण येते. ७५ लाखांवरच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंत. पण ती किंमत म्हणजे करारातली रक्कम किंवा बँकेच्या व्हॅल्युअरनं काढलेली, यातली कमी असेल ती. जुन्या इमारतीला व्हॅल्युअर हात आखडता घेतो. मुद्रांक शुल्काचे पैसे तर बहुधा स्वतःचेच घालावे लागतात. म्हणून रीसेलसाठी हाताशी रोकड जास्त लागते आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांना टप्प्याटप्प्यानं पैसे द्यायचं नवं घर सोयीचं वाटतं, यात काही चूक नाही. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचं काम घेणाऱ्याचं, हे मात्र दोन्हीकडे सारखं.

घर विकायला काढलेल्यांनाही एक सांगावंसं वाटतं. शेअर सर्टिफिकेट, भोगवटापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि तीन वर्षांचे सोसायटीचे अहवाल एका फायलीत लावून ठेवा. टँकरचा खर्च विचारायच्या आधी सांगा. आमच्या विकणाऱ्या काकांनी पहिल्याच भेटीत तो कागद पुढे ठेवला होता, आणि त्यानंतर किमतीवर घासाघीस करावीशी मला फारशी वाटली नाही.

हे सगळं माझ्या अनुभवावरून. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी असेल, रोजचा प्रवास टाळायचा असेल, मुलं लहान असतील, तर कडेच्या भागातलं नवं घरही योग्य ठरू शकतं, आणि प्रत्येक नव्या प्रकल्पात पाण्याची ओढ असतेच असंही नाही. दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल आणि बिल्डरनं जवळपास आधी बांधलेली इमारत उभी असेल, तर निवड बरीच सोपी होते. पण ज्याला आता राहायचं आहे आणि शहराच्या आत थोडं लहान घर चालणार आहे, त्यानं रीसेलकडे आधी पाहावं असं मी म्हणेन.

आणि नवंच घ्यायचं ठरलं, तर टोकन देण्यापूर्वी त्याच रस्त्यावरच्या, ताबा मिळून तीन-चार वर्षं झालेल्या एखाद्या सोसायटीत जा. तिथल्या सेक्रेटरींना मे महिन्याचं टँकरचं बिल दाखवायची विनंती करा. आम्हाला तरी कुणी नाही म्हटलं नाही. तो आकडा तिथल्या फ्लॅटच्या संख्येनं भागा आणि बिल्डरनं सांगितलेल्या मेंटेनन्समध्ये मिळवून बघा.